डावा मोजा

३० एप्रिल १९४६

प्रिय क्लिफर्ड,

आईचा खोकला आता कमी आहे. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्यात. तुझी बायको आणि बाळ मजेत असतील. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ आली, कारण तुझ्या दारात येऊन बोलायला लागलो तर माझा हात उठेल.

फुटबॉल क्लबने पुढच्या हंगामाच्या खेळाडूंची यादी लावली. तुझं नाव आहे, माझं नाही. सहा वर्षं युद्धात काढून आलेल्या माणसाला मॅनेजरने दारातच उभं ठेवून सांगितलं, "एनॉक, एके काळी मैदान गाजवलंस रे, पण आता पाय साथ देत नाही तुझा."

मी इटलीत असताना तू लिहायचास, "तुझी जागा मी नुसती धरून ठेवलीय." कोळशाच्या खाणीत होतास म्हणून तुला लढाईवर जावं लागलं नाही. त्यावरून कधी टोचून बोललो का मी?

सामना संपला की सगळी टीम एकाच मोठ्या हौदात आंघोळीला उतरते. परतल्यापासून मी सर्दीचं निमित्त सांगून ते टाळत होतो, आणि आपला ट्रेनर रिग्बी भोळा, त्याला ते पटलंही होतं. त्या दिवशी तू हौदातूनच ओरडलास, "ये की एनॉक! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?" सगळे खिदळले. तू बाहेर आलास आणि माझा डावा मोजा ओढून काढलास. मग कोणी हसलं नाही. रिग्बी माझ्या पायाकडे बघत राहिला.

इटलीतल्या बर्फात माझ्या पायाची तीन बोटं गेली, हे फक्त आईला आणि तुला माहीत होतं, क्लिफ.

पाय साथ देत नाही हे खरंच आहे. वळताना तोल जातो. बुटात कापूस कोंबून खेळत होतो. परत आल्यावर तुला पहिल्यांदा खेळताना पाहिलं, तेव्हाच कळलं. तू माझ्याहून चांगला खेळतोस. जागा तुलाच मिळाली असती रे! दोन महिने थांबला असतास, तर मी माझ्या पायांनी बाहेर पडलो असतो.

शनिवारी आईला सामन्याला घेऊन येतोय. तुम्ही दोघं बोलत का नाही, म्हणून ती रोज विचारते. मी काही सांगितलेलं नाही. तूच सांग, तिच्या डोळ्यांत बघून.

नाइलाजाने तुझा थोरला भाऊ,
एनॉक