साडूचे बेचाळीस इंच

६ एप्रिल २००८, गुढीपाडवा
विरारला साडूकडे श्रीखंड-पुरी. श्रीखंड गोड लागलं नाही. समोर भिंतीवर नवाकोरा बेचाळीस इंची टीव्ही, आजच्याच मुहूर्तावर आणलेला. संग्राम नात्याने साडू, वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान. रोजनिशीत त्याला 'राव' म्हणायची मला गरज नाही.
सगळ्यांसमोर म्हणाला, कृष्णराव, तुमचा तो एकवीस इंची आता बेडरूममध्ये टाका. आमच्या वन-रूम-किचनला बेडरूम नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मेव्हणी सुरुची हसली. माझी बायको विनयाही हसली. विनयाचं नंतर बघू.
खरा घाव पुढेच होता. नाना, म्हणजे सासरे, दर उन्हाळ्यात गुहागरहून येतात आणि महिनाभर आमच्याकडे वसईजवळ उमेळ्याला राहतात. मोठ्या जावयाचा मान आहे तो. आज पुरी मोडता मोडता म्हणाले, यंदा इथेच राहीन म्हणतो, ती वीस ओव्हरवाली नवी स्पर्धा सुरू होतेय.
सूड उगवणार. शांत डोक्याने.

७ एप्रिल
झोप नाही. डोकं शांत नाही.

९ एप्रिल
ऑफिसात दिवसभर टीव्हीच्या जाहिरातपत्रकांचा अभ्यास. फायली तुंबल्या, पण अभ्यास महत्त्वाचा. आता मला सगळं कळतं.
काँट्रास्ट पंधरा हजारास एक. म्हणजे काळं ते पंधरा हजार पट काळं. माझ्या मनःस्थितीला योग्य.
व्ह्यूइंग अँगल एकशे अठ्ठ्याहत्तर डिग्री. एकशे ऐंशीतल्या दोन डिग्री कंपनीने खाल्ल्या. संग्राम येईल तेव्हा त्याची खुर्ची बरोबर त्या दोन डिग्रीत ठेवणार.
एचडी रेडी. म्हणजे टीव्ही तयार आहे, एचडी यायचंय. आमच्या बिल्डिंगलाही नळ आहेत, पाणी यायचंय. हे समजायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.
फक्त एक शंका राहिली. बेचाळीस म्हणजे नक्की कुठून कुठे?

१३ एप्रिल, रविवार
आजचा दिवस माझा.
आंबे द्यायच्या निमित्ताने विरारला गेलो. दुपारी नेहमीप्रमाणे लाइट गेली, सगळे हवा खायला गॅलरीत. मी हॉलमध्ये एकटा. माझी वीत ऑफिसच्या पट्टीवर मोजून ठेवली होती, बरोबर नऊ इंच. टीव्हीची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. चार विती आणि वर बोटभर. पुन्हा मोजली. तेवढीच. म्हणजे सदतीससुद्धा नाही!
आणि सांगतो बेचाळीस!
कोडं लगेच सुटलं. हे सुपर बिल्टअप इंच आहेत. आमच्या बिल्डरनेही असंच केलं होतं. जिना, लिफ्टचा खड्डा आणि समोरचं नारळाचं झाड धरून सव्वाचारशे फूट सांगितले, आत पाय ठेवायला, म्हणजे कार्पेट, निघाला पावणेतीनशे. वसईत फ्लॅट घेतलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. टीव्हीवाल्यांनीही फ्रेम, स्टँड आणि बहुतेक खोकं धरून बेचाळीस भरवले आहेत. संग्राम फसलाय आणि त्याला पत्ता नाही.
परतताना इतका खूश होतो की नानांना नमस्कार करायचा राहिला.

१५ एप्रिल
बेत पक्का. बेचाळीस घ्यायचा नाही, कॉपी केली म्हणेल. चाळीस घ्यायचा, पण कार्पेट चाळीस! मग नानांसमोर दोन्हींचं खरं माप जाहीर करायचं. दार आणि देव्हारा यांच्यामधली भिंत मोजली. त्रेचाळीस इंच. फ्रेम धरून जेमतेम बसेल.
विनयाने विचारलं, तुम्हाला टीव्ही हवाय की संग्रामरावांची फजिती? म्हटलं, एकावर एक फ्री आहे.

१९ एप्रिल
स्पर्धा काल सुरू झाली. विरारला फोन केला. फोनवर मागे टाळ्या ऐकू आल्या. नाना म्हणाले, काय फटकेबाजी, वा वा! मी म्हटलं, वा.
तडक वसईत ॲन्सेल्मच्या दुकानात. त्याला रोखून विचारलं, हा चाळीस म्हणजे खरा चाळीस ना? तो म्हणाला, चाळीस म्हणजे चाळीसच, साहेब, कंपनीचं माप हाय, मी काय घरी नाय बनवला. विचारलं, कार्पेट की बिल्टअप? त्याने दाराबाहेर बोट दाखवलं. मग म्हणाला, कार्पेट दोन दुकानं सोडून मिळेल.
माझ्या ज्ञानाने गांगरला बिचारा. टीव्ही घेतला.

२० एप्रिल
टीव्ही भिंतीवर बसला. दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं जागा उरली. भिंत मोजताना चुकलो असणार. बिल्डरने नकळत जास्त भिंत दिलेली दिसते, पहिल्यांदाच.
केबलवर माणसं आडवी पसरलेली दिसतात. विनयाच्या सिरियलमधली सून सासूएवढी झाली. विनया म्हणाली, हे सगळे सुजल्यासारखे का दिसतायत? म्हटलं, मोठ्या पडद्यावर माणूस मोठाच दिसणार.

२७ एप्रिल
एक मेला सुट्टी. विरारच्या मंडळींना जेवायला बोलावलं. विनयाला वाटलं मला नानांची आठवण येतेय. तसं वाटू दिलं. नवी स्टीलची टेप आणली.

१ मे
लिहू नये असं वाटतंय.
पुरणपोळी झाल्यावर उभा राहिलो. छोटंसं भाषण केलं. काही लोक इंचांच्या बाबतीत आप्तांची फसवणूक करतात, असं म्हटलं. नाव घेतलं नाही, फक्त संग्रामकडे बघितलं. मग टेपचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. ही कल्पना माझीच. दुसरं टोक मी आमच्या टीव्हीच्या काचेच्या दुसऱ्या कडेला धरलं आणि सुरुचीला मोठ्याने वाचायला सांगितलं.
सुरुची म्हणाली, पस्तीस.
म्हटलं, नीट वाच. म्हणाली, नीट वाचलं तर जरा कमीच आहे, भाऊजी.
मी ॲन्सेल्मवर ओरडलो. तो तिथे नव्हता. तेव्हा सुरुचीने सांगितलं, अहो भाऊजी, टीव्ही तिरका मोजतात, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. विनया म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, इतका अभ्यास चालला होता!
संग्राम हसला नाही. हसला असता तर मी त्याला आयुष्यभर सोडला नसता. त्याने टेप तिरकी धरली, मोजलं आणि म्हणाला, पूर्ण चाळीस आहे कृष्णराव, टेन्शन नका घेऊ, फसवलं नाही तुम्हाला. पिक्चर पण मस्त आहे.
असा सूड कुणी उगवलेला मी पाहिला नाही.
निघताना नानांना बाजूला घेतलं. लाज सोडून म्हटलं, दोनच इंचांचा फरक आहे, राहा ना इथे. नाना म्हणाले, दोन इंच काय नि वीस इंच काय, कृष्णराव, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मला पडद्यावर उजेड तेवढा दिसतो. संग्राम शेजारी बसतो, कोण आला, कोण आउट झाला, सगळं सांगतो. म्हणून मजा येते.
मग म्हणाले, गेल्या उन्हाळ्यातही दिसत नव्हतं. तुम्ही पेपर वाचत असायचात, म्हणून बोललो नाही.

२ मे
दिवसभर विचार केला. म्हणजे हा माणूस टीव्हीच्या नावाखाली म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसत होता! केवढा कावा!
मीही बसणार. संग्राम ओव्हर सांगत असेल तर मी एकेक बॉल सांगणार. तो हळू सांगतो. मी मोठ्याने सांगणार.

४ मे, रविवार
नानांना बोलवायला सकाळी विरारला फोन केला. सुरुचीने उचलला. नाना घरी नाहीत. संग्राम त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलाय. मंगळवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन, तारीख त्याने पाडव्याच्या आधीच घेऊन ठेवली होती. पुढच्या महिन्यात दुसरा डोळा. मग नानांना सगळं स्वच्छ दिसेल, सुरुची म्हणाली.
म्हटलं, छान झालं. फोन ठेवला.
संध्याकाळी मॅच लावली. पलंगावर नानांची असते ती कडेची जागा सोडून बसलो आणि पहिल्या बॉलपासून सांगायला लागलो. चौथ्या ओव्हरला विनया आतून बाहेर आली. कुणाशी बोलताय, म्हणाली.
कुणाशी नाही, म्हटलं.