दाब माझा, हंडा तिचा

ता. ३ नोव्हेंबर १९३८, लोणावळा
खंडाळ्याच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला. वाढलेला. "मास्तर, सूर्यनमस्कार बंद, ओझं बंद, मीठ कमी." मनगटावर बोट फिरवून म्हणाले, धमनी ताठ झाली की चढावर दाब भराभर चढतो नि लवकर उतरत नाही. माझी कशी आहे ते बोलले नाहीत. म्हणजे वाईटच असणार. वय ४६. दोन्ही मुली लग्नाच्या...

ता. ४
झोप नाही. शाळेत मुलांनी नमस्कार घातले, मी खुर्चीत. घरी चढाखालच्या विहिरीचं पाणी आजपासून सौ. आणणार. तिनंच हंडा हातातून काढून घेतला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ता. ९
अळणी आमटी घशाखाली उतरेना. सौ. तीच खाते, पण सोबत लोणचं. धमनी चाचपली. कालपेक्षा टणक? तुलनेसाठी वर्गातल्या दोघांची मनगटं धरली. त्यांना वाटलं छडी बसणार.

ता. १३
टाकव्याचा दूधवाला सखाराम ओट्यावर बसून हसत होता. "गुर्जी, बाई चढानं पानी वाहत्यात अन् तुमी नाडी धरून बसलाय व्हय? आमची बायकू आसती तर तिनं माजं नरडं धरलं आसतं." राग आला. त्याला काय कळतंय दाबातलं!

ता. २०
स्टेशनवर जाता जाता डॉक्टर घरी आले. सौ. पाण्याला गेली होती. मला रस्त्यापर्यंत उतरवून पुन्हा चढायला लावलं. दाब वाढला, पण थोड्या वेळात उतरला. धमनीही मऊ. "अर्धा आजार काळजीचाच." जीव भांड्यात पडला.
तेवढ्यात ती हंडा घेऊन वर आली. डॉक्टर थट्टेनं म्हणाले, "वहिनी, बसा, तुमचंही बघू." पारा चढतच गेला. त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. थट्टा थांबली. चहा झाल्यावर परत पाहिलं. उतरला नव्हता. तिच्या मनगटावर बोट बराच वेळ.
टांग्यापाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओझं नको, चढ नको त्यांना. पण इतक्यात बोलू नका, धसक्यानं आणखी चढेल. गुरुवारी मी येऊन सांगतो."
सतरा दिवस ती...

ता. २१
तिच्याआधी उठून हंडा उचलला. तिनं दारातच अडवलं.
"अगं, मी बरा आहे. डॉक्टरच म्हणाले."
"समोर म्हणाले. टांग्यापाशी कुजबुजले ते काय होतं? मी खिडकीतून पाहत होते."
काय सांगू! तिचे डोळे भरले. माझ्यासाठी. लोणच्याची बरणी मात्र मी माळ्यावर ठेवली. तिला वाटलं, माझ्या जिभेला मोह नको म्हणून.

ता. २२
आजही ऐकेना. रिकाम्या हातानं तिच्यामागून चढत होतो. अर्ध्या चढावर ती थांबली, हात कठड्यावर. माझ्या तोंडचं पाणी पळालं.
"काय होतंय तुला?"
"मला काय व्हायचंय? तुम्हाला धाप लागेल म्हणून थांबले."
डोक्यावर हंडा तसाच. दुसऱ्या हातानं माझं कोपर धरलं आणि हळूहळू मला वर घेऊन आली. सांगावं असं ओठांपर्यंत आलं होतं. गुरुवारला अजून दोन दिवस आहेत.