पुतळाची पानं

५ नोव्हेंबर १९९६

आजही पुतळा आली नाही!

चिरनेरच्या रानातल्या बाकीच्या बायका लाकडं घेऊन उरणच्या बाजारात आल्या होत्या. ती नव्हती. येईल तरी कशाला? मी माहेरी मुरूडला गेले होते तेव्हा ह्यांनी तिला आमच्या खाणावळीच्या दारातूनच सांगितलं — "आता पळसाची पानं नकोत. थर्माकोलची ताटं आणलीत." भारा तसाच डोक्यावर घेऊन गेली म्हणे. त्यानंतर मला भेटलीसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर

ताटं दिसायला छान. पांढरी, हलकी. पण बंदरावरच्या ड्रायव्हरांना गरम कालवण वाढलं की तळ मऊ पडतो, तेलानं भोक पडतं. सगळं कपड्यांवर! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एकाखाली एक, दोन दे."

पानात गरम भाकरी गुंडाळली की कसा वास सुटायचा!

आणि तिचं बोलणं. भारा ओट्यावर टाकायची, पाय पसरायची — "भाभी, चा टाक. साखरंला हात आखडू नको." मग दोघी पानं पुसत, पत्रावळी लावत बसायचो. मला मूल नाही ह्यावर सगळी आळी बोलली. ती कधीच नाही.

२ डिसेंबर

वाट पाहिली. उगीच.

२६ डिसेंबर

मोठी भरती होती. खाडीचं पाणी परसात शिरलं. ओसरलं तेव्हा कुंपणाला नुसती ताटं आणि पिशव्या लटकलेल्या. काही ताटांवर आमच्याच कालवणाचे पिवळे डाग! आम्हीच टाकलेलं आमच्याच दारात.

पानं होती तेव्हा शेळ्या खायच्या, उरलेली केळीच्या बुंध्याशी कुजून जायची. हे कुजतच नाही. ह्यांनी ढीग करून पेटवला. काळा धूर! घसा अजून खवखवतोय. हेही खोकत होते.

जेवताना म्हटलं, "पानं परत सुरू करू या."

हे म्हणाले, "आणणार कोण?"

"पुतळा."

"मग शोध तिला."

नाही म्हणाले नाहीत! किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

७ जानेवारी १९९७

गोजरा मासळी घेऊन आली. ती चिरनेरलाही विकायला जाते, म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, "पुतला? ती रानान नाय जात आता. गव्हान फाट्यावं कामाला लागलीय."

कसलं काम, ते तिला ठाऊक नाही. विटा उचलत असेल. नाहीतर खडी फोडत. आमच्या ताटांपायी तिच्यावर ही वेळ! उद्याच जाते. हे म्हणाले, "मी येऊ का?" नको म्हटलं. तिच्यासमोर मला एकटीनंच उभं राहायचंय.

८ जानेवारी

भेटली! थर्माकोलच्या ताटांच्या कारखान्यात. पंख्याखाली बसून ताटांचे गठ्ठे बांधते.

म्हटलं, "पानं घेऊन ये ना गं पुन्हा."

हसली. "नको भाभी. काट्यांनी पाय फाटलं माझं. भारा उतरला ना, तवापासनं मान दुखत नाय."

तिनं माझा हात धरला — "तू पानांसाठीच आलीस का?"

नाही म्हणताना रडूच फुटलं.

शुक्रवारी तिला सुट्टी असते. आमचे रमजानचे रोजे सुरू व्हायच्या आत, ह्याच शुक्रवारी घरी जेवायला येणार आहे.