ढोलकी कोणी वाजवली?

बाबा, तुम्ही इंग्लंडहून आणलेली ती रेकॉर्ड माझ्यापाशी आहे, हे आधी सांगते. मेलबर्नच्या आमच्या घरात पुस्तकांच्या मागे ती उभी असते आणि ती वाजवायला यंत्र नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इथे सध्या साथीमुळे सगळं शहर घरात कोंडलंय. व्यायामासाठी दिवसातून एक तास बाहेर पडायचं, तेही मास्क लावून. तुमचा जावई बेडरूममध्ये ऑफिस थाटून बसतो, लेक तिच्या खोलीत, आणि मी स्वयंपाकघरात. इतक्या वर्षांनी तुमच्याशी बोलावंसं वाटलं ते काही रिकामा वेळ मिळाला म्हणून नाही. माझ्या हातून एक गोष्ट झालीय, आणि ती ज्याला न समजावता कळेल असा माणूस तुमच्याशिवाय मला आठवत नाही.

मी बारा वर्षांची असताना ती रेकॉर्ड लावली होती, आठवतं? पुण्याच्या घरात, तुम्ही कारखान्यात गेल्यावर. तुम्ही लवकर आलात, चपलांसकट आत आलात, सुई उचललीत आणि म्हणालात, "याला हात लावायचा नाही." तुम्ही कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाहीत. मग मी ऑस्ट्रेलियाला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः चहा टाकलात, मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलंत आणि ती रेकॉर्ड माझ्या हातात दिलीत.

इंग्लंडात महायुद्ध संपून बारा-तेरा वर्षं झाली होती, तुम्ही सांगत होता. बॉम्बने पाडलेल्या घरांच्या जागा अजून तशाच मोकळ्या होत्या. तुम्ही यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करत होता आणि शेजारच्या लेथवरच्या जमैकाच्या तरुणाने तुम्हाला काम शिकवलं. शनिवारी दुपारी त्याच्या खोलीवर पोरंपोरी जमायची, ग्रामोफोन लागायचा, सगळे नाचायचे. तुम्ही मात्र भिंतीला टेकून टेबलावर बोटांनी ताल धरायचात. मग त्या उन्हाळ्यात अरुंद पँटी घातलेली, केसांना तेल चोपडलेली गोरी पोरं गल्लोगल्ली काळ्या माणसांना मारत सुटली. एका शनिवारी ती पोरं त्याच्या दारावर चालून आली. तुम्ही तिथेच होता, सगळं पाहिलंत. सोमवारी तो डोक्याला पट्टी बांधून कामावर आला. मारामारी त्यानेच सुरू केली असं कुणीतरी फोरमनच्या कानावर घातलं होतं. फोरमनने तुम्हाला विचारलं, "तुझा मित्र ना हा? तू होतास तिथे?" तुम्ही म्हणालात, नाही, आम्ही फक्त शेजारी काम करतो. त्याची नोकरी गेली. जाताना तो ती रेकॉर्ड तुमच्या लेथवर ठेवून गेला. हे सांगून तुम्ही कप विसळलात आणि पाठमोरेच म्हणालात, "तिकडे तुझ्या मित्राबद्दल कुणी विचारलं तर ओळख सांग." मी तेव्हा शहाणी होते ना, म्हणाले, बाबा, ते तुमचं इंग्लंड, मी ऑस्ट्रेलियाला चाललेय.

आता माझं ऐका. तुमची नात सतरा वर्षांची आहे. गाते चांगली, गळा माझ्या आईचा आलाय. तिच्या वर्गात एक मुलगा आहे, आईवडील दक्षिण सुदानचे. तो चर्चमध्ये ड्रम वाजवतो, आणि लॉकडाऊनमध्ये ड्रम मिळेना तर रंगाची रिकामी बादली उलटी करून वाजवतो. दोघं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर गाणी जुळवतात. लॉकडाऊनच्या आधी तो एकदा घरी आला होता. मी चहा विचारला, पण तो असेपर्यंत लक्ष ठेवत मी जिन्याजवळची जागा सोडली नाही. टीव्हीवर आफ्रिकन पोरांच्या टोळ्यांच्या बातम्या येत, आमच्या मराठी मंडळात त्या चघळल्या जात, मीही चघळल्या. आणि गंमत बघा, साथ सुरू झाली तेव्हा सुपरमार्केटमध्ये एक माणूस मलाच म्हणाला, जा तुझ्या देशात. मी गाडीत बसून रडले आणि तुमच्या नातीने, हिने, माझा हात धरला होता.

यंदा मंडळाचा गणपती ऑनलाइन होता. घरोघरच्या आरत्यांचे व्हिडिओ जोडायचं काम माझ्याकडे. हिने आरती म्हटली होती. पडद्याच्या एका अर्ध्यात ही, दुसऱ्या अर्ध्यात तो मुलगा आणि त्याची बादली. फार सुंदर झालं होतं, बाबा. मी त्याचा अर्धा भाग कापला. लोक नसते प्रश्न विचारतील, एवढंच मनात होतं. आवाज ठेवला, कारण आवाज छान होता. कार्यक्रमात सगळ्यांनी वाहवा केली आणि अध्यक्षांच्या बायकोने विचारलं, "अगं, ढोलकी कोणी वाजवली?" मी म्हणाले, "कोणी नाही हो, कॉम्प्युटरवर केलीय."

हिने त्या मुलाला आणि त्याच्या आईला लिंक पाठवली होती, हे मला माहीत नव्हतं. पडद्यावरच्या शेवटच्या चौकटीत दोघं बसली होती. बाकीच्यांचं बघून त्या बाईंनी आरतीभर हात जोडलेले होते. मराठी त्यांना येत नाही, पण मुलगा दिसला नाही हे कळायला भाषा कशाला लागते? थोड्या वेळाने ती चौकट काळी झाली.

हिने आरडाओरडा केला नाही. दारात उभी राहून म्हणाली, "आई, हिज मम आयर्न्ड हिज शर्ट." इतकंच. व्हिडिओसाठी त्याच्या आईने मुद्दाम शर्टाला इस्त्री केली होती. त्या दिवसापासून ताट खोलीत घेऊन जाते. एकदाच म्हणाली, त्यांच्याकडे जाऊन सॉरी म्हण. मी म्हणाले, नियम आहेत, कुणाच्या घरी जाता येत नाही. ती म्हणाली, फाटकाबाहेरून बोलता येतं. आवाज न चढवता वाद घालणं पोरीकडे तुमच्याकडूनच आलंय.

तुम्ही त्या माणसाला पुढे कधी शोधलंत का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. तुमच्याकडे निदान समुद्र होता मध्ये. त्यांचं घर इथून चालत पंचवीस मिनिटांवर आहे, एका तासात जाऊन येण्यासारखं. आणि बाबा, अकरा दिवस झाले, तो एक तास मी रोज उलट्या दिशेला चालतेय. आजही बूट घातले, आणि मग हे लिहायला बसले. चालायला काढलेल्या तासातली चाळीस मिनिटं यातच गेली.