दादाचं फोल्डर वर होतं

दिग्रस. गुरुवार, संध्याकाळचे सात.

आज आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी चांगलीच तोंडघशी पडली. स्पेअर पार्टवाले रहीमचाचा आम्ही बनवलेली त्यांची वेबसाईट पाहाले आलते. चार दिवस खपून मी तिचं पहिलं पान नव्यानं बनवलं, आन् स्क्रीनवर उघडलं ते जुनंच. दादानं पुण्याले जायच्या आधी केलेलं, तीन वर्षांपूर्वीचं.

"थांबा, पोराले फोन लावतो," बाबा म्हणाले. मी समोरच बसून होती. मले इचारलं का? नाही.

मग मीच शोधलं. पान मांगितलं की फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाईट चालवणारा तयार प्रोग्राम, फोल्डरांची यादी वरून खाली पाहत जाते. त्या नावाची फाईल जिथं पहिले भेटली तिथंच थांबते, पुढं पाहतच नाही. यादीत दादाचं फोल्डर वर, माह्यं खाली. फाईलचं नाव दोन्हीकडं एकच. म्हणजे चार दिवस मी अशी फाईल सुधरवून राह्यलती, जी कोणी उघडलीच नाही!

दादाची फाईल तिथून काढली. लगेच माह्यं पान आलं. चाचा खूश. "वा! कोणी केलं?"

बाबा म्हणतात, "पोरानं. पुण्याहून."

दादानं तं फोन उचललाही नव्हता.

चिडून काय फायदा? पण त्या मशीनले एवढं तरी समजते की वरच्या फोल्डरात फाईल नसली तं खालच्यात पाहा लागते. दादा तीन वर्षांपासून घरात नाही. बाबा अजून त्याच्यापाशीच थांबून आहेत, माह्यापर्यंत येतच नाहीत.