उचगावची अंडी आणि वळणारे तंतू

४ डिसेंबर १९९८
दुसरी खेपही गेली. चोवीसच्या चोवीस अंडी चौथ्या दिवशी बल्बसमोर धरली, एकातही लाल शिरा नाही. शिरा नाहीत म्हणजे पिल्लू नाही, पिल्लू नाही म्हणजे मज्जारज्जू नाही. आणि माझी पीएच.डी. त्याच रज्जूतल्या तंतूंवर. गाइड सर म्हणतात उबवणपेटी खराब. पेटी मी स्वतः केलीय. लाकडी खोकं, उजव्या अंगाला बल्ब, आत थर्मामीटर. ३८ म्हणजे ३८. पेटीला नावं ठेवायची नाहीत.

९ डिसेंबर
सरांनी विषयबदलाचा अर्ज टाइप करूनच ठेवलाय. सही तेवढी बाकी. नवा विषय: पंचगंगेतले मासे, जाती व संख्या. मेंदूच्या पेशींना प्रथिनं वाट कशी दाखवतात हे म्हणे बंगलोरला बघायचं काम. "इथं कोल्हापुरात तू काय बघणार, गिरिजा?"
तेच बघणार, म्हटलं.
समितीची बैठक २९ जानेवारीला. तोवर प्रथिनाकडं वळलेले तंतू दाखवायचे, नाहीतर सही. फार राग आलाय. माशांवर नाही.

१२ डिसें.
उचगावला जाऊन आले. अंडी तिथल्या चाचांच्या पोल्ट्रीतली. दर सोमवारी लुनावरून कॉलेजच्या फाटकाशी आणून देतात, त्यामुळे पोल्ट्री आज पहिल्यांदा बघितली. एका शेडात नुसत्या कोंबड्या, दुसऱ्यात कोंबडेही. माझी अंडी कुठल्या शेडातली? चाचांनी पहिल्या शेडाकडं बोट केलं. मी तर कोंबडा असलेल्या शेडातली मागितली होती.
"बाई, तुमच्या कपाळाला विभूती. तुम्ही लिंगायताच्या. तुमच्या हातनं जीव जायाला नको, म्हणून मी निवडून बिनकोंबड्याची देत हुतो की."
निवडून! खाद्याच्या पोत्यावर बसून आधी हसले, मग रडूच आलं. चाचा गडबडले, चहा मागवला. एवढ्या आस्थेनं माझं वाटोळं आजवर कुणी केलं नव्हतं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता जित्ती न्हेणार?"
व्हय, म्हटलं.

१७ डिसें.
शिरा! चोवीसपैकी एकोणीस. मधोमध ठिपक्याएवढं हृदय उडतंय. पहिलं अंडं फोडताना हात थांबला. चाचांचं काही चुकलं नव्हतं, हा जीवच आहे. माघार घेणार नाही, पण हा जीव नव्हेच अशी स्वतःची समजूतही काढणार नाही. एकही अंडं वाया घालवायचं नाही. प्रत्येकाची नोंद वहीत.

२१ डिसें.
घरी कळलं. डब्याच्या पिशवीत कवचाचा तुकडा सापडला. अव्वानं, म्हणजे आईनं, पिशवीच माझ्यापुढं उलटी केली. ती संकेश्वरकडची, तिकडं आईला अव्वाच म्हणतात. मग म्हणाली, "आपल्यात अंडं शिवत न्हाईत आनि तू मारतीस?"
सगळं सांगितलं. पिल्लाच्या रज्जूत पाठीकडच्या पेशीतून तंतू निघतो. त्याला डोळे नाहीत. पण रज्जूच्या तळाशी एक पट्टी असते, तिच्यातून प्रथिन झिरपतं. तंतूचं टोक ते हुंगत तिकडं वळतं, गुऱ्हाळ लागलं की वासावर पोरं येतात तसं. दुसरी काही प्रथिनं त्याला हाकलतातही. वाट चुकली की जोडणी होत नाही, आणि जोडणी नाही तर हात मेंदूचं ऐकत नाही.
नीट ऐकलं तिनं. मग कुणाचं भलं होणार म्हणून विचारलं. ठाऊक नाही, म्हटलं. खोटं बोलवेना.
निकाल: कॉलेजातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. जेवण बंद केलं नाही, यातच सगळं आलं.

८ जानेवारी १९९९
आधीच्या सहा बशा बुरशीनं खाल्ल्या. या खेपेला चार. उंदराच्या शेपटीतल्या धाग्यांपासून केलेली जेली, तिच्यात रज्जूचा पाठीकडचा तुकडा, थोडं अंतर सोडून उजवीकडं तळपट्टीचा तुकडा. बशा लोणच्याच्या बरणीत, शेजारी पेटती मेणबत्ती, झाकण घट्ट. मेणबत्ती विझली की पेशींना हवी तशी हवा उरते. मग बरणी उबवणपेटीत. सर बरणीला हसतात. हसू देत.
आज दोन दिवस भरले. तंतू निघालेत. थोडे सरळ गेले आणि मग उजवीकडं वळले, तळपट्टीकडं. चारही बशांत! सरांना बोलावलं. बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाले, योगायोग.
चार वेळा?

२९ जाने.
समिती. बाहेरून आलेल्या बाई सगळ्यात कमी बोलल्या. तंतू बघितले, मग पेटी बघायला मागितली. बल्ब कुठल्या बाजूला? उजव्या. तळपट्टीचे तुकडे? उजवीकडंच.
"मग तंतू प्रथिनाकडे वळले की उबेकडे, हे तुम्ही कशावरून सांगता?"
बल्ब आणि तुकडे मीच एका बाजूला ठेवलेले. उजव्या हाताची सवय, दुसरं काही नाही. लाज वाटली. सरांच्या वर्षभराच्या शंकांत जे नव्हतं ते या एका प्रश्नात होतं.
सरांनी अर्ज पुढं सरकवला, वर पेनही ठेवलं. मी म्हटलं, आठ दिवस द्या. तुकडे डावीकडं ठेवते. तंतू डावीकडं वळले नाहीत तर इथंच सही करते. सरांच्या मते वेळ वाया. बाई म्हणाल्या, द्या.

५ फेब्रु.
परवा बारा बशा लावल्या. बल्ब उजवीकडं, तळपट्टी सगळ्यांत डावीकडं. आज चारला बरणी उघडायची. सकाळपासून तीनदा पेटीपाशी जाऊन आले, उघडली नाही. सूक्ष्मदर्शकाला पहिला डोळा सरांनीच लावायचा आणि कुठली बाजू ते मोठ्यानं सांगायचं. मी बघितलं तर पुन्हा योगायोग म्हणतील.
अर्ज त्यांनी सकाळीच टेबलावर आणून ठेवलाय. उजवीकडं म्हणाले तर सही करेन. पण ती तंतूंनी सांगितलं म्हणून. कोल्हापुरात होत नाही म्हणून नव्हे.
सूक्ष्मदर्शकाची काच पुसून ठेवलीय. पावणेचार. सर जिना चढतायत.