दांडी माझ्याकडे, बटणं त्याच्याकडे

प्रिय नायेली,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मी खोटं बोलते, आणि ठेवून दिल्यावर दोघींनाही वाटतं की बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज कागद घेतलाय. दुकान आत्ताच बंद केलं. तोर्तियाच्या पोळ्यांचं यंत्र पुसून झालं, मका भिजत घातला, आणि तुझा बाप आतल्या खुर्चीत डुलक्या काढतोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. लागलं नाही तर अंदाजाने वाच, पण मधल्या ओळी गाळून शेवटाकडे धावू नकोस, ती तुझी जुनी सवय आहे.

आधी त्याच्या तब्येतीचं सांगते. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय आता बराच सुधारलाय. काठी घेऊन अंगणातल्या लिंबापर्यंत जातो आणि परत येताना दोनदा थांबतो, पण येतो. डावा हात मात्र अजून तसाच आहे. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, मीच उचलून बाजूला करते. जीभ जड झाली आहे, तोंड किंचित उजवीकडे ओढलेलं आहे, पण तो काय म्हणतो ते मला कळतं. इतकी वर्षं संसार केल्यावर न बोलताही कळायचं, आता तर निदान काहीतरी बोलतो. डॉक्टर म्हणाले, बाई, जीव वाचला हेच नशीब. मीही तसंच म्हणत होते, पण खरा घोर मला हाताचा नव्हताच. घोर होता तो माणसाचा. म्हातारा दुकानात यायलाच तयार नव्हता. दुकानातल्या त्या खेळाच्या मशीनवर चादर टाक म्हणाला, मी टाकली, तर दुसऱ्या दिवशी रांगेतली दोन्या चोले हळूच विचारते कशी, "एल्विरा, नाबोर गेला की काय?" मी म्हटलं, "गेला नाही, रुसलाय." ती छातीवर क्रूसाची खूण करून तोर्तिया घेऊन गेली.

तो का रुसला होता, हे मला सगळं कळत होतं. त्या मशीनवरच्या मारामारीच्या खेळात त्याने तो दाढीवाला पहिलवान सोडून दुसरा गडी कधी घेतलाच नाही. बाकीचे उड्या मारतात, हातातून आगीचे गोळे सोडतात. हा आपला जाडजूड गडी हळूहळू चालत जवळ जातो, समोरच्याला मिठी मारतो आणि उचलून आपटतो. पण त्या मिठीसाठी दांडी पूर्ण गोल फिरवावी लागते, आणि गोल पुरा होताच बटण दाबावं लागतं. दांडी डाव्या हातात असते. त्याचा डावा हात म्हणजेच तो पहिलवान होता. तू म्हणशील, आई, तुला हे सगळं कधीपासून कळायला लागलं? ऐक तर खरं.

तुला आठवतं का, तू इतकीशी होतीस की पडद्यापर्यंत डोकं पोचायचं नाही? तो तुला सोड्याच्या रिकाम्या खोक्यावर उभी करायचा. एका नाण्यात दोघांचा खेळ: दांडी त्याच्याकडे, बटणं तुझ्याकडे. आपल्या शोनाका मोहल्ल्यातली सगळीच पोरं तशी खेळायची, खिशात एकच नाणं असलं की निम्मं निम्मं. मी तोर्तिया मोजता मोजता ओरडायचे, "अरे, पोरीला शाळा आहे," आणि तुम्ही दोघं एकदमच म्हणायचात, "हा शेवटचा." तुमचा शेवटचा कधी संपायचा नाही. गरम तोर्तियाला मीठ लावून गुंडाळी करून मी तुमच्या तोंडात कोंबायचे, कारण हात कुणाचाच मोकळा नसायचा. मग एक दिवस त्याने तुला दांडी दिली. संध्याकाळी मला म्हणाला, "तिच्या मनगटात आहे गं, माझ्यापेक्षा चांगलं आहे." इतका खूश मी त्याला आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता, आणि हे मी त्याला तेव्हाच ऐकवलं होतं.

म्हणूनच नाताळात तुम्ही दोघांनी जो तमाशा केलात, तो मला अजून पचलेला नाही. तू मोंतेर्रेहून ती चपटी पेटी घेऊन आलीस, नुसत्या बटणांची, दांडी नसलेली. वर, खाली, डावं, उजवं, सगळं बटणांवर. आता मोठ्या स्पर्धांत सगळे असंच खेळतात, हात दुखत नाही, चूक होत नाही, असं तू प्रेमाने सांगत होतीस, हे मी ऐकत होते. आणि तो आपला फुगून बसला. "माझ्या मशीनला हे टाइपरायटर लागणार नाही." मग तूही त्याचीच लेक, म्हणालीस, "तुमची दांडी संग्रहालयात ठेवा." सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाचा गोड पाव कापायच्या आधीच तू बॅग उचललीस. एका दांडीवरून बापलेक अबोला धरतात हे मी बहिणीला सांगितलं, तर ती हसून हसून लोळली. मला नाही हसू आलं. त्याला दांडी सोडल्याचं दुःख नव्हतंच पोरी, त्याला वाटलं की तू त्याने शिकवलेलं टाकून दिलंस. तोंडाने म्हणायला मात्र त्याला टाइपरायटरच सुचला.

तर आता या गेल्या दिवसांतली गंमत. म्हाताऱ्याला मशीनपाशी आणायचं मी मनावर घेतलं. व्यायाम शिकवणारी बाई यायची, शब्दांचे पत्ते दाखवायची, "म्हणा नाबोरकाका, घर, म्हणा, पाणी." हा भिंतीकडे बघायचा. बाई गेल्यावर म्हणायचा, "मी काय बालवाडीत आहे?" तेही इतकं वाकडं यायचं की स्वतःच गप्प व्हायचा. मग मी मेलितोनला गाठलं. तोच आपला मेलितोन, मशीन दुरुस्त करणारा, तुझ्या बापाचा जन्माचा वैरी आणि दर रविवारचा पाहुणा. म्हटलं, "याचा एकच हात चालतो. एका हाताने खेळता येईल असं काहीतरी बसव, नाहीतर रविवारचं जेवण बंद." जेवणाचं नाव काढल्यावर मेलितोन लगेच कामाला लागला.

पहिल्यांदा त्याने ती दोन हातांत धरायची लहान गोष्ट आणली, अंगठ्याने चालवायची. तुझा बाप ती मांडीवर ठेवायचा, ती घसरायची, तो गुडघ्यात दाबायचा, ती पुन्हा घसरायची. शेवटी त्याने ती सोफ्याखाली ढकलली आणि हरवली म्हणून सांगितलं. मग मेलितोनने तुझ्या पेटीसारखीच एक पेटी आणली. मला वाटलं, आता पुन्हा टाइपरायटर म्हणून फुगून बसतो. पण त्याने पेटी आपल्यासमोर ओढून घेतली. उजव्या हाताने पहिलवानाला चालवायला लागला, तर ठोसा मारायला बोटच उरेना. ठोसा मारायला गेला, तर पहिलवान जागच्या जागी उभा. बरेच दिवस झगडला. एकदा पेटीवरून बोटं फिरवत म्हणाला, "पोरगी हे कसं करते कुणास ठाऊक. अवघड आहे हे." मी तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेले, कारण तुझा विषय त्याने नाताळानंतर पहिल्यांदाच काढला होता.

तिसरी अक्कल तर मेलितोनच्या डोक्यातून अशी निघाली की काय सांगू. दांडी उजवीकडे बसवली आणि बटणांच्या जागी माझ्या शिवणयंत्राचं पायडल जोडलं. उजव्या हाताने फिरव आणि उजव्या पायाने हाण. रांगेतल्या बायका तोर्तिया घ्यायच्या विसरून बघत उभ्या राहिल्या. दोन्या चोले म्हणाली, "नाबोर, पडदे शिवतोयस की भांडतोयस?" आणि तुझा बाप हसला. तोंड वाकडं झालं, लाळ आली, मी पुसली, पण हसला. खेळ काही जमला नाही. पायडल उशिरा लागायचं, मिठी हवेत जायची, पहिलवान मार खायचा. त्या दुपारी त्याने स्वतःच दांडी पुन्हा डावीकडे बसवायला सांगितली. मला वाटलं, झालं, आता परत चादर.

पण चादर नाही मागितली. शेजारचं स्टूल काठीने माझ्याकडे ढकललं आणि म्हणाला, "बस." मी म्हटलं, "मी? या सैतानाच्या खोक्यापाशी? तीस माणसांची रांग आहे." तर म्हणतो, "निम्मं निम्मं." नायेली, मी त्या दांडीला उभ्या जन्मात फडक्याखेरीज हात लावलेला नाही. चार दिशा कुठल्या तेही कळेना. पहिलवान माझ्यामुळे कोपऱ्यात जाऊन तोंड लपवून उभा राहायचा, आणि तुझा बाप कपाळाला हात लावायचा. गोल तर जमतच नव्हतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अगं, मोलेची कढई. ढवळ." बास. तो दाट मिरचीचा रस्सा ढवळण्यात माझं आयुष्य गेलंय, ग्रामदैवताच्या जत्रेला अख्ख्या गल्लीचं मोले मी एकटीने ढवळते, कढईच्या बुडाला कधी लागू दिलेलं नाही. मी दांडी पळीसारखी धरली आणि फिरवली. तो "हं" म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. पहिलवानाने समोरच्याला उचलून असा आपटला की रांगेत टाळ्या पडल्या.

तेव्हापासून आम्ही रोज खेळतो, दुकान बंद झाल्यावर आणि खरं सांगायचं तर दुकान चालू असतानाही. करपलेल्या तोर्तियांची तक्रार आली आहे. सुरुवातीला त्याला फक्त "हं" सरळ म्हणता यायचं. मग "आत्ता" आलं, मग "मागे हो". मी ऐकत नाही म्हटल्यावर "अगं बाई, कुठे निघालीस, परत ये" इतकं लांबलचक आलं. परवा व्यायामाची बाई पत्ते घेऊन आली, तर हा मला रागावत होता, आणि ती दारात उभी राहून ऐकत होती. तिने पत्ते पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत. आणि या रविवारी आम्ही मेलितोनला चितपट केला. तो म्हणतो, दोघांनी मिळून एकाला मारणं ही फसवणूक आहे. मी म्हटलं, "आमच्याकडे मिळून दोनच हात चालतात, तुझ्याकडेही दोन आहेत. जेव मुकाट्याने."

आता ते सांगते ज्यासाठी कागद घेतला. दवाखान्यात तू आलीस तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं, अजून राग गेला नाही. तू बाहेर जिन्यात बसून रडलीस, मला माहीत आहे, नर्सने सांगितलं. बाळा, राग नव्हता तो. तुला हे वाकडं तोंड दिसू नये म्हणून त्याने मान फिरवली. मी तेव्हाच सांगणार होते, पण त्याने माझ्याकडून शपथ घेतली होती. त्या शपथेतून त्याने काल मला आपणहून सोडवलं. मेलितोनला बोलावलं आणि मशीनच्या दुसऱ्या बाजूला, समोरचा खेळाडू उभा राहतो तिथे, लाकडात एक भोक पाडून घेतलं. मी विचारलं, हे कशाला? तर तुझ्या पेटीची तार लावायला. ज्या मशीनला टाइपरायटर लागणार नव्हतं, त्याच मशीनला, आणि स्वतः बाजूला उभा राहून. मग खिशातून एक नाणं काढलं. तुझं ते, माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेलं, दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून तू लावायचीस ना? गल्ला उघडला की तेवढं वेगळं काढून तो तुला परत द्यायचा. तू गेल्यापासून ते त्याच्याकडेच होतं. त्याने ते पडद्याखालच्या कडेवर ठेवलं. आपल्याकडे कडेवर ज्याचं नाणं, पुढचा डाव त्याचा, तिथे देवाचाही वशिला चालत नाही. दोन्या चोलेच्या नातवाने हात लावला, तर तुझा बाप एका दमात स्वच्छ म्हणाला, "ठेव ते. नायेलीचं आहे." तेव्हा सुट्टी काढून बापाची सेवा करायला येऊ नकोस, सेवेला मी आहे. हरायला ये. तोंड थोडं वाकडं आहे, बघून रडू नकोस, तो चिडेल. आणि येताना पेटी विसरू नकोस.

दांडीवर बसलेली,
तुझीच आई